ग्लुटेन बंद करून वर्ष होत आलं, तरी मुलीचा रिपोर्ट पूर्ण खाली का येत नाही? (सेलिअ‍ॅक, सांगली-सातारा भाग)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी.

मुलगी तिसरीत आहे. दोनेक वर्षं उंची जागच्या जागी, चेहरा पांढुरका, पोट सदा फुगलेलं आणि चिडचिड. लोहाच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या तरी हिमोग्लोबिन हलेना. जंताचं औषध झालं, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, 'आईच्या अंगलटीवर गेलीय' हेही पाहुण्यांकडून ऐकून झालं. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी रक्तात टीटीजी (ग्लुटेनमुळे अंगात वाढणारी प्रतिद्रव्यं मोजणारी तपासणी) बघायला सांगितला. आकडा इतका वर की लॅबने नुसतं 'अमुकपेक्षा जास्त' लिहून सोडून दिलेलं. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला. सेलिअ‍ॅक. गहू, जव, राय या तिन्हींतलं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) आयुष्यभर बंद, याला दुसरं औषध नाही.

गेल्या दिवाळीपासून तिचं चपाती, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट सगळं बंद आहे. शाळूची भाकरी, भात, पोहे, नाचणी यावर गाडी चाललीय. फरक दिसतोय. गालावर रंग आला, शाळेचा फ्रॉक आखूड झाला (ह्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं). पण टीटीजी अर्ध्यावर येऊन थांबलाय. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी थोडं थोडं पोटात जातंय, शोधा.

एकत्र कुटुंब, स्वयंपाकघर एक. पोरगी चोरून खात नाही, ती आमच्यापेक्षा कडक आहे. पाकिटावरचं वाचल्याशिवाय गोळीसुद्धा तोंडात टाकत नाही. तर ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी सांगा, तुमच्याकडे चोर कुठे सापडला?

संगमावरची

दादा, पहिला चोर हिंग. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपण वापरतो तो बांधणी हिंग, त्यात खरा हिंग थोडा आणि बाकी पीठ. बऱ्याच डब्यांत ते पीठ गव्हाचं असतं. काही कंपन्या तांदळाचं घालतात, ती डबी घ्या. आमटीत रोज चिमूटभर म्हणजे वर्षाचं गणित मांडा.

मी स्वतः सेलिअ‍ॅक आहे, कराडला असते. मला जुलाब वगैरे कधीच नव्हते, त्यामुळे पोटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. रक्त कमी, पाय दुखणार, दोनदा दिवस गेले नि राहिले नाहीत. चाळिशी जवळ आल्यावर हाडांची घनता तपासली ती सत्तरीच्या बाईसारखी. तिथून उलटा माग काढत डॉक्टर आतड्यापर्यंत पोचले. तेव्हा 'आमच्या पोराला जुलाब नाहीत, म्हणजे हे नसणार' असं कुणी समजू नका.

माणदेशी_गडी

शाळूच्या मुलखात राहून गव्हाचा आजार व्हय! आमच्याकडं दहिवडीला पाठवा पोरीला. चपाती बघायलाच मिळत न्हाय, पाव्हणं आलं तरच.

(गंमत केली दादा. पोरगी बरी हुईल, काळजी नसावी.)

देशी_बियाणं

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. आजचा गहू हा गहूच राहिलेला नाही. हरितक्रांतीनंतरचे बुटके वाण आणि रासायनिक खतं यांनी आतडी बिघडवलीत. तुमच्याच सांगली-साताऱ्यात खपली पिकते. खपलीची चपाती, खपलीची खीर सुरू करा, पचायला हलकी, साखर कमी वाढते म्हणतात. आमचे आजोबा खपली खाऊन नव्वद वर्षं जगले.

नाडीपरीक्षक

वरचा प्रतिसाद वाचून कुणी सेलिअ‍ॅकच्या मुलाला खपली द्यायच्या आत लिहितो. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. सेलिअ‍ॅक असलेल्या माणसाला ती अजिबात चालत नाही. बन्सी, शरबती, जोडगहू, सेंद्रिय, जात्यावरचा, कुठलाही गहू चालत नाही. मधुमेहवाल्यांनी खपली खावी की नाही हा वेगळा धागा काढा.

आणि हा आजार हरितक्रांतीचा नाही. दुसऱ्या शतकाच्या आसपास कॅपाडोशियाच्या अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने असे रोगी वर्णन करून ठेवलेत. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी यांनी लहान मुलांतल्या या आजाराचं नीट वर्णन लिहिलं, तेही म्हणाले होते की रोगी बरा होणार असेल तर आहारानेच. पण आहारातलं नेमकं काय, ते कळायला बरीच वर्षं गेली. मधल्या काळात अमेरिकेत मुलांना केळ्यांवर ठेवायचे, त्यातली बरीच सुधारायची, आणि श्रेय केळ्यांना जायचं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना ही मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर परत आजारी पडली. १९५० मध्ये त्याने प्रबंध लिहिला. बुटका गहू आपल्याकडे आला तो त्यानंतर.

विश्रामबागकर, तुमच्या प्रश्नाकडे: सुरुवातीचा आकडा फार वर असेल तर टीटीजी नॉर्मल व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. त्यामुळे अजून वर आहे एवढ्यावरून घाबरायचं नाही. तो घसरत राहायला हवा. तुमचा घसरायचा थांबलाय, म्हणून तुमचे डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे.

देशी_बियाणं

डॉक्टर लोकांना सगळं पुस्तकातलंच दिसतं. असो. ज्याचं त्याला लखलाभ.

हळदगल्ली

^^ आले आले, नव्वद वर्षांचे आजोबा आले. प्रत्येक आरोग्याच्या धाग्यावर एक आजोबा नव्वद वर्षं जगतातच.

वजनकाटा

मी महिनाभर गहू सोडलाय. पोट हलकं, गॅस कमी, वजनही उतरलं. म्हणजे मलाही सेलिअ‍ॅक असेल का? टीटीजी करून टाकू?

नाडीपरीक्षक

थांबा. तपासणीच्या आधी गहू सोडणं हाच मोठा घोळ आहे. गहू बंद असेल तर टीटीजी खाली येतो, आतडंही भरून यायला लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तपासणी करावी लागते, आणि ज्याला खरंच आजार आहे त्याचे ते आठवडे वाईट जातात. तेव्हा शंका असेल तर आधी तपासणी, मग पथ्य.

टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (टीटीजीची तपासणी ज्या प्रकारच्या प्रतिद्रव्यावर चालते ते) बघतात, कारण काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं आणि रिपोर्ट फसवा येतो. एचएलए नावाची जनुकांची तपासणी 'आजार नाही' म्हणायला उपयोगी, 'आहे' म्हणायला नाही. ती जनुकं दर दहात तीन-चार माणसांकडे असतात, त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो.

आणि हलकं वाटण्याबद्दल: गव्हाबरोबर तुमचा पाव, खारी, समोसाही सुटला असेल ना?

वजनकाटा

खारी सुटली हे खरं आहे. :(

रिटायर_सुभेदार

माझी बरीच नोकरी पंजाब आणि राजस्थानात झाली. तिकडे फौजी कुटुंबांच्या दवाखान्यात हा आजार सर्रास ऐकला. 'बच्चे को गेहूं की एलर्जी है' असं म्हणायचे. गावी सातारला आल्यावर सांगितलं तर लोक म्हणाले, हे पंजाब्यांचं दुखणं, आपल्यात नसतं.

नाडीपरीक्षक

सुभेदारसाहेब, निरीक्षण अचूक आहे. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एक माणूस सापडतो, दक्षिणेत त्याच्या कितीतरी पट कमी. गहू किती खातात आणि जनुकं कुठली, दोन्हीचा हात आहे. पण 'आपल्यात नसतं' यामुळेच आपल्याकडची मुलं वर्षानुवर्षं टॉनिकवर राहतात. फक्त 'अ‍ॅलर्जी' म्हणू नका, त्यातून लोकांना वाटतं पुरळ उठेल नि जाईल. यात शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखे उभे धागे असतात, त्यातून अन्न शोषलं जातं. ते झडून आतडं सपाट होतं. मग वरून कितीही लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व घाला, आत उतरत नाही.

गिरणीवाला_विटा

नमस्कार. मी पिठाची गिरणी चालवतो म्हणून बोलतो. दळण संपलं असं गिऱ्हाइकाला वाटतं तेव्हा ते संपलेलं नसतंय. दोन दगडांच्या टाक्यांत, भोवतीच्या पत्र्यात आणि पीठ पडतं त्या कापडी बाहीत आधीच्याचं पीठ बसलेलं असतंच. गव्हावर ज्वारी टाकली की पहिलं किलोभर पीठ भेसळीचं समजा, आणि त्यानंतरचं पण शंभर टक्के स्वच्छ म्हणून मी लिहून देणार न्हाय.

बरेच जण ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं ठेवतात, मी पण ठेवतो. पण खरं सांगू का, लाईट जायची वेळ झाली आणि बायांची रांग लागली की गहू त्याच्यात पण पडतो. आणि हवेत पीठ उडतंय ते कुठं वेगळं ठेवणार? संध्याकाळी माझ्या मिशा बघा.

अजून एक. बाजारातली ज्वारी ज्या पोत्यात येते त्यात आधी काय होतं ते पोत्यालाच माहीत. दळण निवडताना शाळूत गव्हाचे दाणे सापडत्यात का बघा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या दळणात सापडतात.

संगमावरची

गिरणीवाले भाऊ, तुमचे पाय धरावे असं वाटतंय. हे सरळ सांगणारा गिरणीवाला पहिल्यांदा भेटला. आमच्या इथल्याला विचारलं तर म्हणाला, 'काकू, झाडून घेतो की!' झाडतो कशाने, तर गव्हाच्या पिठानं भरलेल्या केरसुणीने.

मी शेवटी घरघंटी घेतली. महाग पडली, पण तिच्यात गहू आजवर गेलेला नाही आणि जाणार नाही. नवऱ्याची चपाती बाहेरून दळून येते, ते पीठ मागच्या खोलीत झाकणाच्या डब्यात. धान्य निवडते, धुते, कडक वाळवते, मग दळते. ज्यांना घरघंटी जमत नाही त्यांनी ओळखीच्या गिरणीत सुट्टीनंतरचा दिवस गाठावा, दगड उघडून साफ करून घ्यावेत, आणि आपली दोन किलो स्वस्त तांदळाची कणी आधी दळून ते पीठ गाईला घालावं.

विश्रामबागकर

हिंगाची डबी पाहिली. गव्हाचं पीठ लिहिलंय!! आजच बदलली. गिरणीचं वाचून बायकोने डोक्याला हात लावला. आमचं शाळूचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीतच जातं. सगळ्यांचे आभार, अजून काही असेल तर सांगा.

पुस्तकी_किडा

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. आपण जास्तच करतोय असं नाही वाटत? हिंगातलं पीठ, हवेतलं पीठ... एवढ्याशानं काय होतंय? पोरीचं बालपण त्या लेबलांतच जाईल. माझ्या मेहुणीच्या मुलाला आहे, तो लग्नाकार्यात घासभर खातो, काही होत नाही.

इन्सुलिनची_आई

'काही होत नाही' म्हणजे त्याच दिवशी पोट दुखत नाही. माझ्या मुलाला टाईप १ मधुमेह आहे, त्यातल्या मुलांना हा आजार जास्त सापडतो म्हणून डॉक्टर अधूनमधून टीटीजी बघतात. काहीही त्रास नसताना त्याचा पॉझिटिव्ह आला. तो खेळत होता, पळत होता, आणि आतडं आतून सपाट झालं होतं. साखर अचानक खाली का जाते हे कोडं तेव्हा सुटलं, खाल्लेलं शोषलंच जात नव्हतं. त्यामुळे 'होत नाही' हे तोंडावर बघून सांगू नका.

नाडीपरीक्षक

आकड्यात सांगतो. एका चपातीत ढोबळमानाने दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसतो, असं अभ्यासात आढळलंय. म्हणजे एका चपातीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला रोज एक. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना चालतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत 'ग्लुटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती याच हिशेबाने. हवेतल्या कणांचा बाऊ करू नका, पण गिरणी आणि हिंग हे कण नाहीत, रोजचे आहेत.

आणि पुस्तकी_किडा, मेहुणीच्या मुलाचा टीटीजी शेवटचा कधी केला ते विचारा.

खोडकर_वासरू

एक शंका. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा सगळं चालतं ना? म्हणजे पोरीला आयुष्यभर एकादशी, आणि पुण्य फुकट!

संगमावरची

चालतं. :) फक्त राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलं ते विचारायचं. परत गिरणी.

ओटचं विचाराल त्याआधीच सांगते: ओट मुळात वेगळं धान्य, बऱ्याच जणांना चालतं, पण आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या ओटमध्ये गहू-जव मिसळलेला असण्याचीच शक्यता जास्त. मी खात नाही. सातूचं पीठ नको. दुधात घालायच्या पावडरींत माल्ट लिहिलं असेल तर नको, ते जवाचं असतं. सोया सॉस नको. तळणीत ज्या तेलात समोसे गेले त्यातला बटाटेवडा नको. गव्हाच्या कुरडया नकोत. कंदी पेढा खुशाल खा, सातारकरांनो.

फरसाणप्रेमी

भडंग?

हळदगल्ली

भडंगावर बंदी आली तर सांगलीत दंगल होईल.

संगमावरची

मुरमुरे तांदळाचे. घरी करा, हिंग बघून. दुकानातल्यात शेव-फरसाण मिसळलेलं नसावं. दंगल रद्द.

मंगलकार्यालय

प्रसादाचं काय करता? आमच्याकडे सत्यनारायण झाला की शिरा रव्याचा. जावेच्या मुलीला हा आजार आहे, ती द्रोण घेते, कपाळाला लावते आणि आईकडे देते. यावरून मोठ्या काकू रुसल्या. प्रसाद नाकारू नये म्हणे.

आक्का_औंध

रुसू दे. देवाला तांदळाच्या रव्याचा शिरा चालतो, वरीचा चालतो, नुसती साखर-खोबऱ्याची वाटी चालते. न चालणारी माणसं असतात. पुढच्या पूजेला शिराच तांदळाचा करा सगळ्यांना, म्हणजे कुणाचं वेगळं पान नको. ते वेगळं पान पोरांना जास्त लागतं, आजार नव्हे.

मूळ धागाकर्त्याला विचारायचं होतं. बाळ, तुझ्या घरात भाकरी कोण थापतं? आणि पीठ किती दिवसांचं असतं?

विश्रामबागकर

आई थापते, आक्का. तिच्या हातची भाकरी असली की पोरगी दुसऱ्याच्या हातची खात नाही. दळण महिन्याचं एकदम आणतो.

आक्का_औंध

महिन्याचं! मग आईला शांतपणे विचार, पिठाची विरी (चिकटपणा) गेल्यावर काय करता. मी सांगत नाही. तू विचार.

रिटायर_सुभेदार

आक्का, सस्पेन्स वाढवला राव तुम्ही.

माणदेशी_गडी

मला कळ्ळं. गप बसतो.

आक्का_औंध

तोवर एक जुनी गोष्ट. आमच्या लहानपणी चपाती सणाची. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेली पिढी आमची. गहू रेशनवर यायला लागला, हातात चार पैसे आले, तसं घरात चपाती रोजची झाली. भाकरी म्हणजे गरिबी, चपाती म्हणजे बरं चाललंय. सुनेला माहेरची माणसं आली की भाकरीचं पीठ लपवायचं. आता तीच भाकरी मोठ्या हॉटेलात 'मिलेट रोटी' म्हणून ताटात येते नि चपातीच्या तिप्पट पैसे. काय बोलायचं.

हायवेवाला

हॉटेलवरून आठवलं. कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर खायला थांबता, तिथं भाकरी मागितली तर गव्हाच्या रोटीच्याच परातीत थापतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. भात सांगा आणि अख्ख्या मसूरला वरून पीठ लावलंय का ते विचारा. काही ठिकाणी रस्सा दाट करायला लावतात.

अख्खामसूरभक्त

अख्ख्या मसूरला पीठ लावणारा तो अख्खा मसूरवाला नव्हेच!! नाव सांगा.

हायवेवाला

नाव इथे नको. पण प्रश्न विचारा म्हणजे झालं.

(यापुढे अख्खा मसूर कुठला चांगला यावर बरेच प्रतिसाद झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

पुरणाचं_यंत्र

सणाला पुरणपोळीचं काय करता? आमच्या नणंदेच्या मुलासाठी मी करते ती पद्धत देते. तांदळाचं आणि ज्वारीचं बारीक पीठ निम्मंनिम्मं, वस्त्रगाळ. उकळत्या पाण्यात मीठ-तेल घालून उकड काढायची, आणि उकडीत वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल. तो खरा धरणारा. ग्लुटेन जे ताणायचं काम करतं ते थोडंफार इसबगोल करतो. झाकून मुरू द्यायचं, मग मळायचं. पुरण नेहमीपेक्षा कोरडं. लाटायची नाही, केळीच्या पानावर हाताला तूप लावून थापायची आणि पानासकट तव्यावर उलटायची. कडा चिरतात. चिरू देत. वर तूप ओतलं की कोण बघतंय.

इसबगोलाची हीच युक्ती चपातीलाही. शाळेच्या डब्यात गुंडाळी करून नेता येते, भाकरीसारखी दुपारपर्यंत वाळत नाही.

संगमावरची

केळीच्या पानाची युक्ती भारी! मी आजवर दोन प्लास्टिकमध्ये लाटून फाडत होते.

विश्रामबागकर

मंडळी, सापडलं.

आक्का, तुम्ही बरोबर नाडी पकडलीत. आईला विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, 'पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. मग मूठभर गव्हाचं पीठ टाकते त्यात. फाटकी भाकरी पोरीच्या ताटात कशी वाढू? चपाती कुठं दिली मी तिला?' म्हणजे दर महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस हे चालू होतं. काठवटही तीच, ज्यात सकाळी कणीक मळली जाते. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार. बायको चिडली होती, आईला रडू आलं, मी मध्ये.

मग मी आईला वरचा चपातीच्या पन्नास तुकड्यांचा हिशेब सांगितला. एक चपाती लाटून, सुरीने तुकडे करून तिच्या पुढ्यात ठेवले. त्यातला एक उचलून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'एवढ्याशानं?' त्यानंतर तिनेच काठवट बाजूला काढली. आता पोरीची परात, तवा, उलथनं वेगळं, त्यावर लाल दोरा बांधलाय. दळण आठवड्याचं.

आक्का_औंध

आईला बोल लावू नकोस. तिला कुणी समजावलंच नव्हतं. 'गहू बंद' सांगितलं, 'गहू कुठं कुठं लपतो' ते नाही. आणि तिला सांग, विरी गेली तर गव्हाचं पीठ कशाला लागतंय, उकळतं पाणी लागतं. पिठात आधणाचं पाणी घालून उलथन्याने हलवायचं, झाकायचं, कोमट झालं की भरपूर मळायचं. महिना झालेलं पीठसुद्धा थापता येतं.

पुस्तकी_किडा

मेहुणीकडे विचारलं. मुलाचा टीटीजी निदान झाल्यापासून परत केलेलाच नाही. पुढच्या आठवड्यात करतायत. एवढंच सांगायचं होतं.

नाडीपरीक्षक

उत्तम. विश्रामबागकर, आता तीन ते सहा महिन्यांनी टीटीजी करा, लगेच नको, आकडा सावकाश उतरतो. मधल्या काळात हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड एकदा बघून घ्या. आणि एक राहिलंच: मुलीला भावंडं आहेत का? आई-वडील आणि सख्खी भावंडं यांत दर दहा-पंधरा जणांत एकाला हा आजार निघतो. त्रास नसला तरी तुम्ही दोघं आणि भावंडं टीटीजी करून घ्या.

विश्रामबागकर

धाकटा मुलगा आहे, बालवाडीत. तो तर नुसता बिस्किटांवर जगतो. करून घेतो. आईही म्हणतेय माझंही रक्त बघा, तिला आयुष्यभर रक्त कमी आहे.

गिरणीवाला_विटा

सांगली लांब पडतंय, पण कुणी विटा-खानापूर भागातलं असेल तर सोमवारी गिरणी बंद असते. मंगळवारी सकाळी पहिलं दळण अशा लोकांचं घेतो. आदल्या दिवशी दगड उघडून साफ करीन, बाही नवीन लावीन. फोन करून या. आधी दळायची कणी तुमची तुम्ही आणा. पैसे नेहमीचेच.

इन्सुलिनची_आई

भाऊ, मी खानापूरची. तुम्हाला इथेच निरोप पाठवते.

नवीनच_आलोय

सगळा धागा वाचला. बायकोचा रिपोर्ट कालच आला, डोकं बंद पडलंय. तातडीचा प्रश्न: उन्हाळ्यात सासूबाईंनी भरपूर कुरडया पाठवल्यात, पिशवीवर काही लिहिलेलं नाही. चालतील का?

संगमावरची

नुसत्या कुरडया म्हटलं की बहुतेक गव्हाच्या चिकाच्याच. त्या बाजूला ठेवा. सासूबाईंना फोन लावा, पुढच्या खेपेस तांदळाच्या किंवा नाचणीच्या करायला सांगा, वेगळ्या सोऱ्यातून. आणि आज रात्री पिठलं-भात करा, हिंग न घालता.